बिननावाची छाती

…आणि ते शिशाचं एवढंसं अक्षर, चिकटपट्टीने पाटीच्या कडेला डकवलेलं, पट्टीच्या कडांना मळाची काळी रेघ धरलेली — उजवी बाजू कोणती ते कळावं म्हणून लावतात म्हणे, नाहीतर फोटोत माणूस डाव्याचा उजवा होतो. एवढी शिकलेली माणसं, एवढी महागाची यंत्रं, आणि उजवं-डावं कळायला शिशाचा तुकडा! तिला हसू आलं असतं, पण हनुवटी त्या गार पाटीवर टेकवलेली होती आणि फोटो काढणारी बाई मागून तिचे दोन्ही खांदे पुढे रेटत होती, दार लागत नसलेल्या कपाटात गाद्या कोंबाव्यात तसे.

"आजी, खांदे पुढे. अजून. पाटीला मिठी मारा अशी."

"मिठ्या मारायच्या वयात कोणाला मारल्या नाहीत, आता लोखंडाला मारू?"

"मारा हो. ते काही म्हणत नाही."

"आणि आजी कोणाला म्हणतेस? आरशात बघ एकदा. माझ्यापेक्षा तुझे जास्त पिकलेत."

बाई हसत हसत काचेमागे गेली. तिथून आवाज आला, भिंतीतून आल्यासारखा — "श्वास घ्या… मोठा… धरा. सोडायचा नाही."

तिने धरला. धरलेल्या श्वासात बाहेरचं काही शिरत नाही म्हणतात, ते खोटं आहे. हे शिरले. ह्याच खोलीत, ह्याच पाटीला छाती लावून हेही उभे राहिले असणार. मोतीबिंदू काढायच्या आधी सगळ्यांचाच छातीचा फोटो काढतात तसा ह्यांचा काढला होता, आणि अंगात हाच झगा असणार, मागून बंद बांधायचा, आणि ह्यांना तो बांधता आला नसणार, कारण डावा हात मागे वळायचाच नाही — सायकलीवरून पडल्यापासून. स्वतःचं सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि गिऱ्हाइकाची सायकल नीट चालते का बघायला म्हणून जे बसले ते थेट गटाराच्या कठड्यावर. ब्रेक लावायचेच राहिले होते! सबंध गल्ली हसली. गळ्याखालचं, हासळीचं हाड मोडलं. डॉक्टरने दिलेला पट्टा ह्यांनी काचतो म्हणून काढून फेकला, आणि हाड जुळलं ते एकावर एक चढून, घाईत घातलेल्या चादरीच्या घडीसारखं. मग सगळं आयुष्य अंधारात हात टाकला की माझ्या बोटाला ती पायरी लागायची… लागली की डोळा मिटायचा…

"हललात! पुन्हा काढावा लागणार."

"मी नाही हलले."

हलले होते.

दुसऱ्यांदा नीट उभी राहिली. ह्यांना म्हटलं, आता गप बसा जरा, तुमच्या पायी मला पुन्हा पुन्हा ह्या यंत्राच्या उन्हात ठेवतील. ते बसले. ते आधीपासून शहाणेच. अंगावर येईपर्यंत गप बसणारे.

फोटो झाला. बाई काचेमागून आली ती हातात पाटीसारखा पडदा घेऊन, आणि त्यावर कुठेतरी बोट दाखवून म्हणाली, "इथं बोट टेकवा. तुमचा फोटो डाग शोधणाऱ्या यंत्राच्या शिक्षणाला वापरला तर चालेल, असं. सगळ्यांना विचारतो आता."

"यंत्राला अजून शिकवायचंच आहे? मग शिकलं काय ते इतके दिवस?"

"ते शिकतच असतं हो. आणि काळजी करू नका, नाव काढून टाकतो. कोणाला कळणारसुद्धा नाही तुमचा आहे ते."

"का काढता?"

"म्हणजे?"

"नाव. का काढता? मी काय चोरी केली?"

"नियम आहे, आजी. तुमच्याच भल्याचा. नाव ठेवता येत नाही."

"जन्मभर मला नावं ठेवणारे ढिगाने भेटले, आणि तुम्हाला एक ठेवता येत नाही?"

बाई एवढी हसली की पडदा छातीशी धरून वाकली. "तुम्ही मॅडमच्या सासूबाई ना? वाटलंच! मॅडम म्हणतात, आमच्या घरी एक यंत्र आहे, त्याला काही शिकवावं लागत नाही."

असं म्हणते काय. चार लोकांत. तिला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्या पाठोपाठ काहीतरी ऊबदारही आलं, आणि ते तिला मुळीच नको होतं. आज तर नकोच. तिने बोट मागे घेतलं. "नंतर सांगते," म्हणाली, आणि झगा सोडायला पडद्याआड गेली.

बाहेरच्या बाकावर बसून ती स्वेटरची बटणं लावू लागली. समोरच्या भिंतीवर त्या यंत्राची जाहिरात होती — हसरा डॉक्टर, हसरा रोगी, मधे निळसर उजेडात बरगड्या. ह्या इस्पितळात बरगड्या तेवढ्या खऱ्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मांडीवर भला मोठा लिफाफा घेऊन बसला होता, आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून बघत होता, जसं काही आतलं बदललं असेल.

ती काही खोकल्यासाठी आली नव्हती. खोकला होता, थंडी पडल्यापासून होता, आणि सून पाठीस लागली होती, "आई, एकदा फोटो काढू या ना". आणि ती म्हणत होती, खोकला आहे, गुन्हा नाही. मग आज सकाळी चहा घेताना तीच एकदम म्हणाली, "चल, काढू तुझा तो फोटो." सुनेचा कप ओठाशी तसाच थांबला. म्हणजे कळलं तिला. डॉक्टर आहे, कळायलाच हवं… घरात सून बोलणार नव्हती. घरात बोलायचं नसेल त्याला शंभर सोयी असतात, कोणी दार वाजवतं, काही उतू जातं, मुलाचा फोन येतो. इथे, तिच्याच यंत्रासमोर, तिच्या त्या काळोख्या खोलीत, तिने ते तोंडाने म्हणायला हवं होतं. मला दुसरं काही नको होतं. एवढं एक वाक्य हवं होतं, आणि ते ऐकल्यावर मी काय करणार ते मी ठरवून आले होते.

म्हणजे, ठरवलं होतं असं वाटत होतं.

काही आठवड्यांपूर्वी एका रविवारी ती जेवणाच्या टेबलावर मटार सोलत होती आणि समोर सून आपल्या व्याख्यानाची तालीम करत होती. मोठं व्याख्यान होतं, बाहेरगावचे डॉक्टर यायचे होते. पडद्यावर एकामागून एक छात्या, काळ्या-करड्या, सगळ्या सारख्या. सून एकदा तिला म्हणाली होती, लहान मुलाला शिकवतो तसंच आहे, आई. फोटो दाखवायचा, डाग असेल तिथे आपण गोल गिरवायचा, असे हजारो, की मग ते स्वतःच गिरवायला लागतं. आणि परीक्षा? तिने विचारलं होतं. परीक्षा घेतल्याशिवाय पोरगं शिकलं कशावरून? सून खूश झाली होती त्या प्रश्नावर. परीक्षेचे फोटो वेगळे बाजूला ठेवतात म्हणाली, यंत्राने कधी न पाहिलेले. प्रत्येक फोटो तीन डॉक्टर बघतात, वेगवेगळे बसून, एकमेकांना न विचारता. नाव झाकलेलं, नुसता नंबर. आणि उत्तर कोणाचं बरोबर ते पुढे कळतं — त्या नंबरच्या माणसाला नंतर रोग निघाला की नाही, त्यावरून.

तर त्या रविवारी सून म्हणत होती, तालीम म्हणून, मोठ्याने, "आणि हा आमचा सगळ्यात कठीण फोटो. तीनपैकी दोघा तज्ज्ञांना इथे काहीच दिसलं नव्हतं. यंत्राने बरोबर पकडलं." हिरव्या रेघेचं एक कडं होतं बरगड्यांच्या आड, आत जेमतेम धुरकट काहीतरी, उंदराने दुधाला तोंड लावावं तेवढं. तिने कड्याकडे बघितलंच नाही. तिचं लक्ष वर गेलं. डावीकडे वर. म्हणजे फोटोत उजवीकडे… ते शिशाचं अक्षर कुठेही असो. एकावर एक चढलेलं हाड. घडी.

"हे ह्यांचं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"छाती. ही ह्यांची आहे."

सून हसली. "आई, हासळीची हाडं मोडलेले लोक कमी आहेत का?" आणि पुढच्या चित्रावर गेली. पण आवाज बदलला होता. पुढची सगळी तालीम तिने पाठ केलेल्या पोरासारखी म्हटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडले होते. झोपले नव्हते, पडले होते. ह्यातला फरक घरातल्या कोणालाच कळत नाही आणि त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी कळतात. सून कधी नव्हे ती भर दुपारी घरी आली. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग कपाटावरून ह्यांचा लिफाफा काढल्याचा — ते शेवटचे फोटो, आजारातले, ज्यात डावी बाजू पाण्याने पांढरी झालेली आहे पण हासळीचं हाड तसंच आहे, ते थोडंच बदलणार. मग बराच वेळ काही नाही. नळसुद्धा नाही. मग खुर्ची पुन्हा सरकली. संध्याकाळी मी बघितलं तर लिफाफा होता तिथेच होता, पण उलटा, तोंड भिंतीकडे. ह्यांचे लिफाफे मी कधी भिंतीकडे तोंड करून ठेवले नाहीत.

आणि ती गप्प राहिली. तो दिवस, तो आठवडा, त्यापुढचे दिवस. तिने मला गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला लावली, गळ्याभोवती मफलर गुंडाळला. सेवा वाढली. सेवा वाढली की समजावं, काहीतरी आत कुजतंय.

बाकावरचा लिफाफेवाला उठून आत गेला. तिने त्याची जागा घेतली, भिंतीला टेकायला मिळावं म्हणून.

कारण त्याच्या मागे अजून एक दिवस होता… आणि तो दिवस तर तिला त्या रविवारी मटाराच्या शेंगेत बोट अडकलं असतानाच आठवला होता, लख्ख, ताटातल्या वाट्यांसकट. ह्यांना नवा डोळा मिळाला त्यानंतरचा. नव्या डोळ्याने ह्यांना सगळं दिसत होतं — छताच्या कोपऱ्यातलं जाळं, माझ्या हनुवटीवरचा केस, दुकानाच्या पाटीवर उडालेला रंग. छातीचा फोटो स्वच्छ आला होता, इस्पितळाने लिहूनच दिलं होतं तसं, आणि हे येता-जाता मला म्हणायचे, "बघ, स्वच्छ छातीचा नवरा मिळाला तुला, कदर कर." त्या दिवशी जेवताना सून फणफणत होती. यंत्राच्या कामाला तिला नुकतंच घेतलं होतं. "आज एका फोटोत मला ठिपका दिसला, बाबा. स्पष्ट दिसला. बाकीच्या दोघांनी 'काही नाही' लिहिलंय. मी नवी ना, मला कोण विचारतं? दोन विरुद्ध एक."

"आणि तो माणूस?" ह्यांनी विचारलं.

"कोण माणूस?"

"ज्याची छाती आहे तो."

"त्याला कळवता येत नाही. नाव नसतं ना. नंबर असतो फक्त, आणि तो नंबर कोणाचा ते आम्हाला उघडता येत नाही. त्याचा रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरने आधीच दिलेला असतो."

ह्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "बिचारा." आणि मग, "पण तू तुझं म्हणणं सोडू नकोस हो. तुझी नजर तिखट आहे. शाब्बास." आणि मीठ मागितलं.

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. आठवलं तरी सांगायला मी कोणाची बांधील नाही.

तर असं. सुनेने डाग बरोबर गिरवला होता. पुढे तो नंबर मेला, आणि कुठल्याशा यंत्राला ते आपोआप कळलं, नंबरापुढे नोंद झाली, आणि सुनेचं उत्तर बरोबर ठरलं. ह्यांच्या मरणाने ती परीक्षेत पास झाली. हे वाक्य तिने घरी पुष्कळदा घोटून ठेवलं होतं, धार लावून. हे सुनेला म्हणायचं होतं. आणि हिच्या तोंडून कबुली आली की मग मुलाला फोन. मुलगा कामासाठी परमुलखात, बापाच्या शेवटच्या दिवसांत पोचायला उशीर झाला होता त्याला, घरी आला की अजून झोपेत त्याबद्दल बोलतो असं सूनच सांगते. त्याला एक वाक्य. तुझ्या बायकोने बघितला होता तुझ्या बापाचा डाग, आणि त्याच माणसाच्या पंक्तीला बसून जेवली. ह्यात खोटं काय? शब्द न् शब्द खरा. घराचे दोन तुकडे करायला खऱ्यासारखी कुऱ्हाड नाही. मागच्या आठवड्यात तिने फोन लावलाही होता. तो "बोल आई" म्हणाला, आणि ती गळक्या नळाबद्दल बोलली.

"आई."

सून दारात उभी होती. पांढरा कोट, चष्मा कपाळावर चढवलेला. घरी ही अशी दिसत नाही. घरी ही सून दिसते.

"चला आत."

खोली भर दुपारी काळोखी. सगळ्या पडद्यांचा उजेड करडा, जुन्या पाण्यासारखा. कोणी नव्हतं, म्हणजे हिने ती वेळ बघून ठेवली होती. सुनेने एक खुर्ची ओढली.

"बसा ना."

"फोटो उभ्याने काढायचा आणि निकाल बसून ऐकायचा?"

"निकाल नाही अजून. उघडलासुद्धा नाहीये." सून स्वतः बसली. हात पडद्यावरची चित्रं फिरवायच्या गोटीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. "तुम्ही बोट टेकवलं नाही म्हणे. ती बाई सांगत होती."

"नाव काढणार असाल तर नाही टेकवत."

"आई, मला…" म्हणून सून अडली. तिने — सासूने — मदत केली नाही. कितीतरी वेळा ह्या मुलीचं वाक्य अडलं की मी पुरं करून दिलं आहे. माहेरच्यांसमोर, पाहुण्यांसमोर, नवऱ्यासमोरही. आज नाही.

"आई, व्याख्यानातला तो फोटो… तुम्ही म्हणाला होता…" सुनेने चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा न घालता हातात धरला. "तो बाबांचाच आहे."

आलं. एवढे दिवस ज्याची वाट बघितली ते वाक्य आलं, आणि ते इतकं लहान होतं, भाजीवाल्याने सुटे पैसे नाहीत म्हणावं तसं.

"हो," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं, मी बघितलंय ते."

"लिफाफा उलटा ठेवलास."

सुनेने मान हलवली, जशी चूक मास्तरांनी दाखवल्यावर हलवतात. आता ते घोटलेलं वाक्य. धारदार. ते जिभेवर होतं, आणि तिने तोंड उघडलं, तर बाहेर आलं ते भलतंच —

"बरोबर ओळखलं होतंस. बाकी दोघांना दिसलं नाही."

त्या धारदार वाक्यापेक्षा हे खोल गेलं. ते तिला सुनेच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही.

"ओळखलं नव्हतं," सून म्हणाली. आवाज घरातलाही नव्हता आणि दवाखान्यातलाही. "तेच तर. मी माझी तेव्हाची टिपणी काढून वाचली, आई. डाग गिरवलाय आणि खाली हाडाबद्दल लिहिलंय. जुनं मोडलेलं हाड, दुर्लक्ष करण्याजोगं. मी लिहिलंय. रोज त्यांच्या हातात चहा देत होते. शर्ट घालताना त्यांचा डावा हात अडकायचा, मी बाही धरायचे. आणि लिहिलं, दुर्लक्ष करण्याजोगं."

यंत्रातला पंखा घुरघुरत होता.

तू कशी ओळखणार होतीस, हे तिच्या मनात आलं, आणि तिने ते तिथेच दाबलं. ते हाड वरून दिसायचं नाही. शर्टाखालचं होतं. ते बोटाचं होतं, माझ्या बोटाचं, आणि मला कोण बोलावणार होतं ह्या काळोख्या खोलीत, की बाई, ह्या हजार बिननावाच्या छात्या आहेत, ह्यात तुझी कुठली ते चाचपून सांग? नाव पुसलं ते ह्यांच्याच भल्यासाठी पुसलं. गिरवलं ते बरोबर गिरवलं. नियम सगळे पाळले. एकाही माणसाने एकही खोटं काम केलं नाही, आणि माझं माणूस गेलं. मग मी ओरडू कोणावर? कुठल्या दारावर डोकं आपटू? एखाद्याने हलगर्जीपणा तरी करायचा होता…

"व्याख्यानात दाखवणार आहेस ह्यांना?"

"नाही. काढला तो. दुसरा टाकलाय त्या जागी."

"कोणाला विचारून?"

सुनेने वर बघितलं.

"कोणाला विचारून काढलास? आधी नाव काढलंत. आता माणूस काढलास."

"मग काय करू, आई?" सून एकदम म्हणाली, मोठ्याने, घरात कधी बोलली नव्हती तशी. "तो दाखवू? आणि टाळ्या घेऊ?"

शेजारणीला, दुकानदाराला, व्याह्यांना, देवालाही तिने कधी उत्तराशिवाय परत पाठवलं नव्हतं. आणि हिला म्हणायला… दाखव म्हणावं तर ह्यांच्या मरणाचा तमाशा. नको म्हणावं तर ह्यांची छाती पुन्हा त्या हजारांत जाऊन पडणार. ती खुर्चीवर बसली.

"ह्याला सांगितलंस?" ह्याला म्हणजे मुलाला.

"नाही. तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. रोज वाटतं. त्याचा फोन आला की मी तुमच्या तोंडाकडे बघते."

म्हणजे कुऱ्हाड माझ्या हातात आहे हे हिला माहीत होतं. आणि तरी हिने वाफेचं भांडं रोज भरून आणलं, मफलर गुंडाळला… भीतीने, की आणखी कशाने… की दोन्ही एकाच हाताने होतं?

"बघ आता तो माझा फोटो," ती म्हणाली. "एवढी मागे कशाला लागली होतीस मग? का तोही तुझ्या यंत्राला विचारून बघणार?"

"यंत्र लगेच सांगेल. क्षणभरात. तुम्हाला चालत असेल तर…"

"तू बघ आधी."

सुनेने चष्मा घातला. गोटी फिरवली, टिचकी मारली. पडद्यावर एक छाती आली. कोपऱ्यात वर अक्षरं होती, पांढरी, बारीक. तिला वाचायला वेळ लागतो, शाळेशी तिचा संबंध थोडाच आला. पण स्वतःचं नाव वाचण्याइतकं येतं, आणि तिने ते वाचलं, एकेक अक्षर ओठ हलवत, पहिलं नाव, ह्यांचं नाव, आडनाव. होतं. अजून कोणी काढलं नव्हतं. त्याखाली ती होती, आतून. आतून आपण एवढ्या अरुंद आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. पिंजरा, आणि त्यात धूर.

सून पुढे वाकली. यंत्राची ती हिरवी रेघ तिने बंद ठेवली होती, पडद्यावर कुठे कडं उमटत नव्हतं. नाक काचेला लागेल इतकी जवळ गेली, मग मागे झाली, मग पुन्हा जवळ. एक बरगडी, मग तिच्या खालची. कोट पाठीवर ताणला होता आणि केसांत मागे एक पिन निसटत आली होती. ती पिन खोचावी असं सासूच्या हाताला वाटलं. हात तिने मांडीखाली घेतला.

ती बघत होती त्या पाठीकडे, आणि आपण कशाची वाट बघतोय हे बघायला म्हणून ती स्वतःच्या आत डोकावली. आत तिला "काही नाही" हे शब्द सापडायला हवे होते, कुठल्याही शहाण्या माणसाला सापडतील. ते नव्हते. तिथे होतं ते असं, की सापडावं. काहीतरी असावं माझ्यात, बारीकसं, कोवळं, आणि ते हिला सापडावं, ह्या खोलीत, नावासकट, उशीर व्हायच्या आत. मग जन्मभर हिला माझं करायला लागेल. मग जन्मभर हिला मान वर करून ह्या घरात फिरता येईल. ह्यातलं मला कुठलं हवं होतं? तिने दोन्ही इच्छा उलट्यापालट्या करून पाहिल्या. वरची कुठली, खालची कुठली, हेच कळेना. एक उचलावी तर दुसरी तिलाच चिकटून वर यायची. आणि ह्यांच्या मरणाचा तो साठवलेला कडूपणा, जो सबंध माझा होता, ज्यात मी कोणाला बोट बुडवू दिलं नव्हतं — त्यात आता ही पाठ येऊन बसली होती, वाकलेली, कोट ताणलेली, आणि उठ म्हटलं तरी उठणार नव्हती.

सुनेचा खांदा जरासा हलला. श्वास होता, की काही दिसलं म्हणून, की रडं आवरलं म्हणून, ते पाठीवरून कळत नव्हतं. "काय ते बोल की आता" हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले. तिने ते उच्चारले नाहीत. ही सून घरात आल्यापासून असं झालं नव्हतं. तिने त्या मुलीला हवा तेवढा वेळ बघू दिलं.